अंगचोर सभासदाचे काय करायचे?



आजचा विषय वाचून काही जणांच्या मनात आले असेल, की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हा ऑफिसातला विषय कुठून आला? गटात चार जण राबतात आणि पाचवा राबत नाही, त्याचे काय करायचे, हा प्रश्न मॅनेजमेंटच्या वर्गात शोभतो. पण जरा खोलात गेले की दिसते, नीतिशास्त्रातले तीन जुने प्रश्न इथे एकत्र येतात. एकट्याने केले काय आणि न केले काय, एकूण निकालात फरक पडत नसेल तर त्याने का करावे? जो लाभ आपण मागितलाच नव्हता, त्याची परतफेड आपण का करावी? आणि आपल्यातल्याच एखाद्याला शासन करण्याचा अधिकार गटाला कुठून मिळतो?

हे प्रश्न पुस्तकातले वाटतात, पण ते रोज आपल्या दारात असतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत चार टाळकी येतात आणि बाकीचे व्हॉट्सॲपवर तक्रारी करतात. कॉलेजच्या प्रोजेक्टवर पाच नावे असतात आणि रात्र दोघांनीच जागवलेली असते. अशा ठिकाणी लोक एक तर चिडतात नाहीतर गप्प बसतात. या दोन्हीपेक्षा बरे काही करता येते का, ते आपण आज पाहू.

आधी शब्द पाहू

मराठीत अशा माणसासाठी शब्दांची वाण नाही. कामचुकार, अंगचोर, आयतोबा, ऐतखाऊ, फुकट्या. आपण हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांत फरक आहे. कामचुकार तो, जो कामाच्या वेळी जागेवर नसतोच. अंगचोर जागेवर असतो. कपाट उचलताना त्याचा हातही कपाटाला लागलेला असतो, फक्त त्या हातात जोर नसतो. आणि आयतोबाला कामाशी देणेघेणे नसते, पण पान वाढले की तो पहिल्या पंगतीला हजर. पहिल्याचा दोष गैरहजेरीचा, दुसऱ्याचा दिखाव्याचा, तिसऱ्याचा आयत्या लाभाचा.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, बरं का. पुष्कळदा आपली तक्रार तिसऱ्या प्रकारची असते, म्हणजे 'काम आम्ही केले आणि श्रेय त्याने घेतले' अशी; आणि आपण उपाय करतो पहिल्या प्रकारचा, म्हणजे हजेरीपट मांडतो. मग तो माणूस रोज हजर राहू लागतो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

'अंगचोर' या शब्दावर आणखी क्षणभर थांबू. अंग त्याचेच, मग चोरी कुणाची? याचे उत्तर असे देता येईल, की कपाट चौघांनी उचलायचे ठरले त्या क्षणी त्याच्या अंगातल्या जोरावर इतर तिघांचा थोडा हक्क तयार झाला. तो जोर त्याने राखून ठेवला की तेवढे वजन तिघांच्या खांद्यावर जाते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही, जे मिळाले त्याची परतफेड न करता नुसते भोगणाऱ्याला चोरच म्हटले आहे. आपण समजतो त्यापेक्षा आपली भाषा या बाबतीत कडक आहे.

बिरबलाचा हौद आणि ह्यूमचे कुरण

बिरबलाची ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रात्री प्रत्येकाने एकेक घागर दूध हौदात ओतायचे असा हुकूम निघतो. प्रत्येक जण विचार करतो, एवढ्या दुधात आपली एक घागर पाणी कुणाला कळणार? सकाळी पाहतात तर हौद पाण्याने भरलेला. गोष्ट सांगताना आपण म्हणतो, लोक लबाड. पण नीट पाहिले तर त्या हुकुमातच तीन गोष्टी आहेत. वेळ रात्रीची, म्हणजे कोण काय ओततो ते दिसत नाही. हौद एकच, म्हणजे कुणाचे किती ते नंतर कळत नाही. आणि माणसे अगणित, म्हणजे एका घागरीचे मोल शून्य वाटते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की साधा, भला माणूससुद्धा घागरीत पाणी भरतो.

स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने हीच गोष्ट आपल्या 'मानवी स्वभावावरील ग्रंथा'च्या १७४० साली निघालेल्या तिसऱ्या भागात वेगळ्या तऱ्हेने मांडली. दोन शेजाऱ्यांचे सामाईक कुरण आहे, त्यात पाणी साचते. ते काढून टाकायला दोघांचे एकमत सहज होते. कारण दोघांनाही ठाऊक असते, की आपण हात आखडला तर काम तिथेच थांबणार. पण तेच कुरण हजार जणांचे असेल तर? आधी योजना ठरणे कठीण, आणि ठरलीच तर प्रत्येक जण आपला त्रास व खर्च वाचवून ओझे दुसऱ्यावर टाकायला निमित्त शोधतो. पुढे १९६५ साली मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने यावर सबंध पुस्तक लिहिले. त्याचा मुद्दा असा, की सर्वांचे हित एक आहे एवढ्यावरून सगळे त्यासाठी झटतील असे ठरत नाही. मोठ्या गटात तर नाहीच.

आपल्याकडे एकीकडे म्हणतात 'गाव करी ते राव न करी', आणि दुसरीकडे 'बारभाईंचा कारभार' म्हणून नाक मुरडतात. दोन्ही खरे आहे. केव्हा पहिले खरे ठरते आणि केव्हा दुसरे, हाच आपला आजचा प्रश्न.

दोर ओढणारी माणसे

मॅक्स रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच कृषी-अभियंता होता. माणसांकडून दोर ओढवून, प्रत्येकाचा किती जोर लागतो ते त्याने मोजले. हे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकटा माणूस जेवढा ओढतो, त्याच्या निम्म्याच्या आसपासच जोर आठ जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला आला. आता यातला काही भाग निव्वळ ताल चुकल्यामुळे असणार, सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. पण पुढे १९७९ साली अमेरिकेत बिब लॅतने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितले. त्यातल्या एका प्रयोगात प्रत्येकाचे डोळे बांधून कानाला हेडफोन लावले. आपल्यासोबत आणखी माणसे ओरडत आहेत असे त्याला वाटत होते, प्रत्यक्षात तो एकटाच होता. तरी त्याचा आवाज कमी भरला. इथे ताल चुकण्याचा प्रश्नच नव्हता. आपला आवाज गर्दीत मिसळणार, एवढ्या समजुतीनेच गळ्यातला जोर ओसरला होता.

याच संशोधकांनी नंतर असे दाखवले, की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जात आहे असे सांगितले की ही घट जवळजवळ नाहीशी होते. माणसे तीच, काम तेच. फरक इतकाच, की आपला वाटा ओळखता येतो हे आता त्यांना ठाऊक होते.

आता दुसरी बाजू पाहा. १९८३ साली नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञाने जोडीने काम करणाऱ्यांचा अभ्यास केला. जोडीदाराची कुवत आहे आणि तरी तो आपल्या जिवावर निवांत बसला आहे, असे दिसले की कामसू माणूसही हात आखडता घेतो. त्यात स्वतःचे नुकसान होत असले तरी. आपल्याला मूर्ख बनवले जात आहे ही भावना त्याला सहन होत नाही.

आमच्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. एकाने काम चुकवले तर एका माणसाचे काम बुडते, एवढाच तोटा असता तर तो सोसता आला असता. खरा तोटा असा, की तो पाहून चांगले काम करणारे थंड पडतात आणि मग गट आतून पोकळ होतो. म्हणून 'जाऊ दे, आपण आपले करत राहावे' ही भूमिका कितीही उदात्त वाटली, तरी गटाच्या दृष्टीने ती पुरेशी नाही. काम करणाऱ्यालाही गटाकडून काही येणे असते. आपल्या कष्टाचा कुणी गैरफायदा घेणार नाही, एवढी हमी तरी.

पण खरा कामचुकार कोण?

इतके कडक बोलून झाल्यावर आता सावध व्हायला हवे. ज्यांच्यावर आपण हा शिक्का मारतो, त्यांतले बरेच जण कामचुकार नसतातच.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते, सगळ्यांनी घरचे सगळे दूध आणावे. लोक भीतीने घरच्या मुलांना, वासरांना न देता दूध आणून ओततात, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरचे सगळे आवरते, लेकराबाळांना, गाईवासरांना तृप्त करते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन येते. गाभारा भरतो.

ही कहाणी बिरबलाच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचावी. तिथे प्रत्येकाने कमी दिले म्हणून हौद बिघडला. इथे प्रत्येकाने सर्वस्व दिले तरी गाभारा रिकामा, आणि जिने मापाने सर्वांत कमी दिले तिच्यामुळे तो भरला. राजाच्या कारकुनाने वही ठेवली असती तर त्या म्हातारीच्या नावापुढे लाल शाईने 'कमी' असा शेरा पडला असता. म्हणून वाटा पाहताना माप किती याच्याबरोबर कुठल्या परिस्थितीतून आले हेही पाहावे लागते. सोसायटीचा मेंटेनन्स सहा महिने थकवणारे दोन जण असतात. एकाची नोकरी गेलेली आहे, दुसऱ्याने त्याच सहा महिन्यांत नवी गाडी घेतली आहे. दोघांना जाणारी नोटीस एकच असली, तरी दोघांशी होणारे बोलणे एकच असू शकत नाही.

दुसरा प्रकार, न दिसणाऱ्या कामाचा. प्रोजेक्टमध्ये पीपीटी करणारा दिसतो. सगळ्यांना फोन करून एकत्र आणणारी, भांडण मिटवणारी, शेवटी शुद्धलेखन तपासणारी मुलगी दिसत नाही. मंडळात स्टेजवर बोलणारा दिसतो, रात्री खुर्च्या रचणारा दिसत नाही. 'त्याने काय केले?' असे विचारण्याआधी 'आपण काय मोजले?' असे विचारावे.

तिसरा प्रकार संमतीचा, आणि इथे तत्त्वज्ञानात खरोखरच वाद आहे. एच. एल. ए. हार्ट यांनी १९५५ साली असे तत्त्व मांडले, की काही माणसे नियम पाळून, स्वतःला आवर घालून एखादा उपक्रम चालवतात तेव्हा त्याचा लाभ घेणाऱ्यानेही तसाच आवर घालायला हवा. न्याय्य वाटते. पण रॉबर्ट नॉझिकने १९७४ साली याला एक उदाहरण देऊन अडवले. समजा, तुमच्या वस्तीतल्या लोकांनी ध्वनिक्षेपक बसवला आणि रोज एकेकाने करमणुकीचा कार्यक्रम करायचे ठरवले. तुमच्याशिवाय ३६४ माणसे आहेत, प्रत्येकाला एकेक दिवस. तुम्ही खिडकीत उभे राहून कधी गाणी ऐकलीत, कधी विनोदाला हसलात. आता तुमचा दिवस आला. दिवसभराचे काम सोडून तुम्ही माईकपुढे बसायला बांधील आहात का? नॉझिक म्हणतो, नाही. कुणीही आपण होऊन काही तरी तुमच्या अंगावर टाकावे आणि मग त्याचे पैसे मागावेत, हे बरोबर नाही.

आपल्याला हे उदाहरण परके वाटू नये. गणपतीच्या दिवसांत वर्गणीचे पावतीपुस्तक दारात येते तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा असतो. मांडव आपल्या खिडकीखाली, गाणी आपल्या कानांवर, आरतीचा प्रसादही कधी घेतलेला. म्हणून पाचशे एक द्यायलाच हवेत का? आमचे उत्तर असे, की प्रेमाने मागावे, देणाऱ्याने आनंदाने द्यावे. पण न देणाऱ्याला फुकट्या म्हणण्याचा अधिकार इथे नाही, कारण तो त्या गटात कधी सामील झालेलाच नाही. सोसायटीचे मात्र तसे नाही. तिथे सभासदत्वाच्या अर्जावर त्याची सही आहे, लिफ्ट आणि पाणी तो रोज वापरतो. तिथे हार्टचे तत्त्व पूर्ण लागू पडते. म्हणजे पहिला प्रश्न, हा माणूस खरोखर या गटाचा सभासद आहे का, आणि कशाला हो म्हणून तो सभासद झाला?

सावड की इर्जिक?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्या शेतीतले दोन जुने शब्द कामी येतात. सावड म्हणजे आज चार घरची माणसे माझ्या शेतात, उद्या मी त्यांच्या शेतात. इथे दिवस मोजले जातात. एका घरचा माणूस आला नाही तर बदली माणूस पाठवावा लागतो, फेड करावीच लागते. इर्जिक वेगळे. एखाद्याची नांगरट मागे पडली तर शेजारीपाजारी आपापली औते घेऊन येतात, दिवसात काम उरकतात, आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. तिथे हिशेबाची वही नसते. उद्या गरज पडली तर तोही जाईल, एवढा विश्वास असतो.

गटातली निम्मी भांडणे यातून होतात, की एका सभासदाला वाटते आपण सावडीत आहोत आणि दुसऱ्याला वाटते हे इर्जिक आहे. मित्रमित्र मिळून धंदा काढतात तेव्हा हे हमखास होते. एक जण मनातल्या मनात तास मोजत असतो, दुसरा म्हणतो, 'अरे, आपल्यात कसला हिशेब?' दोघेही प्रामाणिक असतात आणि तरी वर्षभरात बोलणे बंद होते. तेव्हा काम सुरू करताना हे उघड बोलून घ्यावे. मोजायचे असेल तर काय मोजायचे ते ठरवावे. मोजायचे नसेल तर नंतर मनात वही ठेवू नये.

पाणी वाटणाऱ्यांकडून

हे जमवणारे गट आहेत का? आहेत, आणि काही तर शतकानुशतके टिकले. पाण्याची वाटणी ही अंगचोरांसाठी सर्वांत सोयीची जागा. रात्री पाट फोडला तर कुणाला कळणार? तरीही धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत काही शतके चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी ज्याने त्याने सोडायचे नाही. त्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी. आता बघा, सगळ्यांचे पीक एक आणि पाळी एक असली की कुणाच्या वावरात जास्त पाणी गेले हे बांधावरून चालतानाच दिसते. निराळा पहारा ठेवावा लागत नाही. बिरबलाच्या हौदाच्या बरोबर उलटी ही मांडणी.

दुसरे उदाहरण विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीचे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला हे काम उभे राहिले. उपसा योजना एकट्यासाठी करायची नाही, गटासाठीच. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणशी द्यायचे. दर माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि योजनेच्या खर्चाचा २० टक्के भाग लाभार्थ्यांनी स्वतः भरायचा. यातली शेवटची आणि पहिली अट एकत्र वाचा. प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून काही घातलेले आहे, आणि प्रत्येकाला मिळणारा वाटा न्याय्य आहे हे त्याला पटलेले आहे. वाटणीच अन्यायाची असेल तर काम चुकवणे हा दुबळ्याचा निषेध असू शकतो, हेही इथे लक्षात घेतले पाहिजे.

एलिनॉर ऑस्ट्रम या बाईंनी जगभरची अशी सामाईक जंगले, कुरणे, कालवे अभ्यासले. १९९० साली त्यांचे पुस्तक आले, २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या गटांत त्यांना काही समान गोष्टी दिसल्या. सभासद कोण हे स्पष्ट असते, नियम ठरवण्यात सभासदांचा हात असतो, देखरेख सभासदच किंवा त्यांना उत्तरदायी माणसे करतात, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढते. स्पेनमध्ये वालेन्सियाला पाण्याची पंचायत दर गुरुवारी कॅथीड्रलच्या दाराशी उघड्यावर बसते. सगळे तोंडी, सगळ्यांसमक्ष. अशा ठिकाणी पहिल्या चुकीला दंड किरकोळ असतो. त्या दंडाने माणूस बुडत नाही. पण दोन गोष्टी होतात. त्याला कळते की आपण दिसलो. आणि इतरांना कळते की नियम जिवंत आहे, पाळणारे आपण मूर्ख नाही.

आपल्याकडचे महिला बचत गट पाहा. दहा ते वीस बाया, ठरल्या दिवशी बैठक, सगळ्यांसमोर पैसे जमा, सगळ्यांसमोर वहीत नोंद. हप्ता चुकला तर कारण शेजारणीला आधीच माहीत असते. नवरा आजारी आहे की आणखी काही. न जमणे आणि न करणे यांतला फरक इतक्या जवळून ओळखता येतो. याच जवळिकीतून जाच होऊ शकतो, हेही खरे. म्हणून अडचणीतल्या बाईला हप्ता पुढे ढकलून देण्याची सोय नियमातच असावी, तिला दयेची याचना करावी लागू नये.

मग करायचे काय?

आता सगळे एकत्र गुंफू. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिले, आधी मांडणी तपासावी. कामाचे तुकडे नावानिशी वाटलेले आहेत का? 'आपण सगळे मिळून करू' हे वाक्य ऐकायला गोड असते, पण ते बिरबलाच्या हौदासारखे आहे. गट मोठा असेल तर त्याचे तीन-चार जणांचे उपगट करावेत. आणि दर आठवड्याला, प्रत्येकाने काय केले हे सगळ्यांसमोर पाच मिनिटांत सांगायची रीत ठेवावी. ही रीत सर्वांना सारखी, अध्यक्षालासुद्धा.

दुसरे, त्या माणसाशी एकट्याने बोलावे. आरोप न करता, घडलेले सांगून. 'तू आळशी आहेस' असे म्हणू नये, 'मंगळवारपर्यंत तुझा भाग यायचा होता, तो आला नाही, त्यामुळे दोघांना रविवारी बसावे लागले, काय झाले?' असे विचारावे. आणि उत्तर ऐकावे. निम्म्या वेळा तिथे अडचण, गैरसमज किंवा न जमणारे काम निघते. मग काम बदलून द्यावे. जमणाऱ्या कामावर माणूस खुलतो.

तिसरे, बोलूनही बदल नसेल तर विषय गटापुढे आणावा आणि पायरीने जावे. आधी नोंद, मग लाभात किंवा श्रेयात कपात, मग मुदत, आणि शेवटी गटाबाहेर. प्रत्येक पायरी आधी सांगितलेली असावी. सोसायटीत रागाच्या भरात कुणाचे पाणी तोडणे, नाव फलकावर लावून अपमान करणे, हा मार्ग नव्हे. थकबाकीसाठी सहकार कायद्यात निबंधकाकडून वसुली दाखला मिळवायची रीत आहे, ती वापरावी. शिक्षेचा हेतू वाटा परत मिळवणे हा आहे, माणूस चिरडणे हा नाही.

चौथे, त्याचे काम गुपचूप स्वतः करून टाकू नये. मनाने चांगली माणसे हे वारंवार करतात. त्यामुळे काम वेळेत होते खरे, पण काम न केल्याचा परिणाम कुणालाच दिसत नाही, आणि करणारा आतून कडवट होत जातो. एकदा संकटात सांभाळून घेणे वेगळे. ते इर्जिक झाले. कायमचे सांभाळणे म्हणजे त्याच्या चुकवेगिरीला आपणच पोसणे.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक विद्यार्थी: सर, प्रोजेक्ट परवा द्यायचा आहे. एकाने काहीच केलेले नाही. त्याचे नाव घालायचे की नाही?*

मुखपृष्ठावरचे नाव हे एक विधान असते. 'हे काम यांनी केले' असे तुम्ही परीक्षकाला सांगत असता. न केलेल्याचे नाव घातले की ते विधान खोटे ठरते, मैत्री असो वा नसो. पण त्याआधी सांगा, त्याला त्याचा भाग आणि तारीख स्पष्ट दिली होती का? नसेल तर आजच एक छोटा, खरोखरचा भाग द्या, उद्या रात्रीपर्यंत मुदत द्या, आणि नाही झाला तर नाव राहणार नाही हे आजच सांगा. दुसरा मार्गही आहे. अनेक शोधनियतकालिके आता कोणी नेमके काय केले ते छापतात. तुम्हीही शेवटच्या पानावर तसे लिहा. ज्याच्यापुढे लिहायला काही नसेल त्याला ते स्वतःच दिसेल.

*एक श्रोते: अंगचोर अध्यक्षच असेल तर?*

हा अवघड प्रश्न आहे. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी २००० साली दाखवले होते, की शिक्षेची सोय असली की लोक सामाईक निधीत जास्त घालतात. पण २००८ साली अनेक शहरांत तसाच प्रयोग झाला, तेव्हा काही ठिकाणी लोकांनी उलट जास्त देणाऱ्यांनाच शिक्षा केल्या. म्हणजे शिक्षेचे हत्यार कुणाच्या हाती आहे हे पाहावेच लागते. अध्यक्षाच्या बाबतीत एकट्यादुकट्याने उठू नका. पहिली मागणी साधी ठेवा. जो पाच मिनिटांचा आढावा सगळे देतात, तो अध्यक्षांनीही द्यावा, आणि आधी द्यावा. ही मागणी नाकारणे कुणालाही कठीण जाते.

*एक श्रोत्या: घरात हे लागू होते का? घरही गटच ना?*

होते. फार अवघड अशा अर्थाने होते. घर हे इर्जिक आहे असे आपण म्हणतो, पण त्यात राबणारी व्यक्ती तीच ती असेल, तर ते इर्जिक राहत नाही. इर्जिकीत आज ज्याच्या शेतात काम, तो उद्या दुसऱ्याच्या शेतात जातो. घरात वही ठेवावी असे आम्ही म्हणणार नाही. पण एका आठवड्यापुरती, कोण काय करते याची यादी फ्रीजवर लावून पाहा. बोलण्याची सुरुवात त्या यादीवरून होऊ शकते, आरोपावरून नको.

वेळ संपली आहे, इथेच थांबतो.